तमाशा आणि इबरत

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी उभे राहिले की डोळे दिपतात. डोक्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल, खालून पुण्याकडे फुटणारा रस्ता, रिक्षा, बसगाड्या, फळांच्या गाड्यांवरचे दिवे, दुकानांच्या झगमगत्या पाट्या. आम्ही या चौकापासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसे. भारनियमनाच्या वर्षांत हा परिसर अंधारात पाहण्याचीही सवय झाली होती. वीज गेली की गल्लीतली मुले ओरडत आणि आली की त्याहून मोठ्याने ओरडत. ती कुठून येते, असा प्रश्न मात्र आमच्या घरात कुणी विचारल्याचे आठवत नाही. फार तर एकलहऱ्याच्या दिशेने बोट जाई. द्वारकेहून पुणे रस्त्याने नाशिकरोड आणि तिथून आत गेले की एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र. १९७० च्या सुमारास ते सुरू झाले. त्याच्या चिमण्यांच्या मागे कोळसा आहे, कोळशाच्या मागे खाण आहे आणि खाणीत माणूस आहे, एवढा लांबचा विचार करायला फुरसत कुणाला! आम्हांलाही नव्हती. ती एका सहलीने दिली. त्या सहलीत जो प्रश्न पडला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहोत.

२०१८ च्या हिवाळ्यात नात्यातल्या एका निकाहसाठी आम्ही घरची सात-आठ माणसे रात्रीच्या गाडीने नागपूरला गेलो. मुक्काम कामठीला, मामूंकडे. मामूंनी आयुष्याची तेहतीस वर्षे खदानीत काढलेली. विदर्भात खाण म्हणत नाहीत, खदान म्हणतात. लोडर म्हणून लागले, म्हणजे सुरुंगाने फोडलेला कोळसा टोपलीने टबात भरायचे काम. पुढे वरच्या कामावर गेले आणि निवृत्त झाले. खदानीविषयी ते कधीच बोलत नसत. कुणी विचारले तर "कोयला था, और क्या," एवढेच.

निकाह आटोपला. एक दिवस ताजबागला हजरत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर आणि एक दिवस वाकीला जायचे ठरले. बाबांचा जन्म कामठीचा, वाकीला त्यांचे वास्तव्य झालेले. १९२५ साली त्यांनी पर्दा केला, पण आजही तिथे सर्व धर्मांची माणसे येतात. वाकीचा रस्ता तोच सावनेरचा रस्ता. घरातल्या एका मुलाने फोनवर शोधून काढले की सावनेरला कोळशाची खदान पाहता येते. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ च्या डिसेंबरात ही खाण-सहल सुरू केली होती. सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची उघडी खाण, असे तिचे दोन भाग. मुले खूश झाली. "दर्गा भी और खदान भी, एकही चक्कर में!"

मामू अंगणात पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "अंदर जाने के पैसे देने पडते?"

"हाँ मामू, टिकट है."

"हमको तो मिलते थे."

सगळे हसले. मामू हसले नाहीत. चला म्हणून आग्रह केला तर म्हणाले, "वहाँ देखने को क्या है? अंधेरा है." विषय तिथेच संपला असता, पण स्वयंपाकघराच्या दारातून मुमानी म्हणाल्या, "मैं चलूँगी." साठी ओलांडलेल्या, गुडघ्यांची तक्रार असलेल्या मुमानी. मामूंनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. बोलले काहीच नाहीत.

सावनेरला आधी उद्यान लागते. खाणीच्या आवारातल्या जमिनीवर झाडे लावून, हिरवळ राखून ते केलेले आहे आणि तिथे भूमिगत खाणीची प्रतिकृतीही आहे. अठरा वर्षांखालील कुणालाही खाणीत उतरवण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे मुलांची खदान तिथेच संपली. त्यांनी फोटो काढले आणि आईस्क्रीम मागितले. आम्ही मोठी माणसे पुढे गेलो. हेल्मेट, बूट, कमरेला बॅटरी, कपाळावर दिवा. आत शिरण्यापूर्वी खिसे तपासले. मोबाइल, काडेपेटी, विडी-सिगारेट सगळे बाहेर. कोळशाच्या थरात मिथेन वायू असतो, एक ठिणगी पुरते. ज्यांना पाच मिनिटे फोनशिवाय राहवत नाही अशा आम्हा मंडळींना ते फार जड गेले.

एक गोष्ट तिथे लक्षात आली. आमच्याबरोबर तीन बायका होत्या. पर्यटक म्हणून त्यांना खाली जाता येत होते, पण कामगार म्हणून उतरता आले नसते. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती. त्याआधी इंग्रजांच्या काळातही ती टप्प्याटप्प्याने आली होती. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठवली आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये परत लादली. गरज होती तेव्हा बाईच्या अब्रूची आणि तब्येतीची काळजी कुणाला वाटली नव्हती! आमच्या सहलीनंतर थोड्याच काळाने, २०१९ च्या जानेवारीत, सरकारने काही अटींवर बायकांना भूमिगत कामाची परवानगी दिली. म्हणजे आपल्या देशात त्या आधी तिकीट काढून आत गेल्या आणि हाजिरी लावून नंतर.

खाण चालू होती, पण आम्हांला नेले त्या भागातले काम संपलेले होते. दाखवणारे गृहस्थ स्वतः खाणीत काम केलेले. त्यांनी सांगितले की कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब राखतात, त्यांच्यावर छत उभे असते. शेवटी परतीच्या वाटेवर ते खांबही काढत येतात आणि मागचे छत पडू देतात. आपण ज्याच्या आधाराने उभे आहोत तेच काढत मागे सरकायचे, असे ते काम. त्यांनी हातातल्या सळईने छत ठोकून दाखवले. आवाज खणखणीत आला तर छत घट्ट, पोकळ आला तर पाऊल टाकायचे नाही. आता छताला लोखंडी बोल्ट मारतात, पूर्वी लाकडी टेकू लावत. जुन्या माणसांचा लाकडावर जास्त भरवसा. कारण लाकूड मोडण्याआधी कुरकुरते. ते कुरकुरले की हातातले टाकायचे आणि पळायचे. लोखंड सांगत नाही.

एवढे ऐकले आणि मुमानी थांबल्या. आम्हांला वाटले, गुडघे दुखत असतील. पण त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत.

मग त्या गृहस्थांनी सगळ्यांना दिवे विझवायला सांगितले. अंधार अंधार म्हणतो आपण, पण तो कधी पाहिलेला नसतो. भारनियमनातही आकाश असते, कुठल्या तरी खिडकीत मेणबत्ती असते. इथे स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तर हात आहे हे फक्त हातालाच माहीत. कुणी तरी घाबरून हसले. आम्हांला आठवण झाली ती कबरीची, दुसरी कसली होणार? मिनिटभराने दिवे लागले. मुमानींच्या ओठांवर काही तरी पठण चालू होते आणि डोळ्यांना धार लागली होती.

बाहेर आल्यावर, चहा पिताना, त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरून लाकडी पलंग आला होता. सागवानी. लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी यांनी तो विकून टाकला आणि लोखंडी आणला. मला न विचारता. रात्री कुशीवर वळलं की तो कुरकुरायचा आणि हे उठून दारापर्यंत पळायचे. विचारलं तर सांगायचे नाहीत. मला वाटलं, माझ्या माहेरच्या वस्तूचा यांना राग आहे. चाळीस वर्षं मी मनात ठेवलं ते."

आम्हांला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही.

त्या दिवसापासून आम्हांला एक प्रश्न छळतो आहे. दुसऱ्याच्या कष्टाची आणि मरणाची जागा तिकीट काढून पाहायला जाणे, हे योग्य की अयोग्य? आम्ही आणि मुमानी, दोघांनी एकच तिकीट काढले, एकच हेल्मेट घातले, एकच अंधार पाहिला. आमच्यासाठी तो तमाशा होता. त्यांच्यासाठी काय होता? जियारत म्हणावी तर तिथे मजार नाही. पण वाकीहून निघालेल्या आमच्या काफिल्यात दोन्ही ठिकाणी जियारत केली ती त्या एकट्या बाईने, असे आम्हांला वाटते.

आमच्या पिढीने खदान पहिल्यांदा पाहिली ती पडद्यावर, 'काला पत्थर'मध्ये. १९७९ चा तो सिनेमा. त्यातली खाणीत पाणी घुसण्याची घटना आम्ही शिट्ट्या मारत पाहिली. ती चासनाला खाणीच्या दुर्घटनेवर बेतलेली होती हे पुष्कळ उशिरा कळले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या त्या खाणीत पाणी शिरले आणि ३७५ माणसे बुडाली. आमच्या तिकिटाच्या पैशांत त्या मरणाची करमणूक सामील होती. तेव्हा बोट दाखवायचे तर पर्यटन महामंडळाकडे का, आमच्याकडेच दाखवले पाहिजे.

पाहण्याला आमच्या दीनमध्ये मनाई नाही. उलट जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन वारंवार सांगतो. पण त्या पाहण्याला नाव आहे इबरत. पाहिल्यावर पाहणारा बदलला पाहिजे, अशी त्यात अट आहे. तबूकच्या वाटेवर हिज्रची वस्ती लागली, समूदच्या लोकांनी डोंगर कोरून केलेली घरे. तिथे शिरायचे तर रडत शिरा, नाही तर शिरू नका, अशा आशयाची ताकीद पैगंबरांनी (स.) साथीदारांना दिल्याचे हदीसमध्ये आले आहे. तेच अल-हिज्र २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केल्यापासून जगभरचे प्रवासी तिथे जातात. रडत जाणारे त्यात किती असतील?

पण हा दाखला आमच्या प्रश्नाला पुरता लागू पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. हिज्रला ज्यांची घरे ओस पडली ते जुलूम करणारे होते. खदानीत जे गाडले गेले ते जुलूम सोसणारे. मग त्या जागी जालिम कोण? मालक म्हणून सुटता येत नाही. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, खासगी मालक गेले, कामगारांचे पगार आणि सोयी सुधारल्या. मामूंचे घर त्याच पगारावर उभे राहिले, हे ते स्वतःच सांगतात. तरी छत पडायचे थांबले नाही. कोळसा कुणासाठी निघत होता? एकलहऱ्यासाठी, कोराडीसाठी, द्वारकेच्या चौकातल्या पाट्यांसाठी. तेव्हा रडत शिरायचे तर ते मेलेल्यांवर दया म्हणून नव्हे, स्वतःचा हिशेब आठवून.

दया हाही एक तमाशाच आहे, हे आम्ही सावनेरला शिकलो. आमच्यातल्या एकाने त्या दाखवणाऱ्या गृहस्थांना म्हटले, "कसे हो तुम्ही बिचारे इथे काम करता!" त्यांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "साहेब, हे काम मला येतं." सळईने छत ठोकताना त्यांच्या हातात जी ऐट होती ती कसबी माणसाची होती. आपले कसब कुणी तरी पाहायला आले याचा त्यांना आनंद होता. तो आनंद आम्ही क्षणात बिचारेपणात बदलून टाकला.

म्हणजे कोण दाखवतो आणि काय दाखवतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. वेल्समध्ये ब्लानेव्हन गावी बिग पिट नावाची कोळसा खाण आहे. १९८० मध्ये ती बंद झाली आणि १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. खाणीत काम केलेली माणसेच तिथे वाटाड्या झाली. ज्यांनी घाम गाळला त्यांच्या तोंडून गोष्ट ऐकायची, ही त्यातल्या त्यात इमानदारीची रीत. इंडोनेशियात, सुमात्रा बेटावरच्या सावाहलुंतोला, डच सरकारने जावा आणि इतर भागांतून कैदी आणून पायांत साखळ्या घालून कोळसा काढवला. त्यांना 'साखळीची माणसे' म्हणत. आज तिथले एक जुने भुयार पर्यटकांसाठी खुले आहे आणि २०१९ पासून ते गाव जागतिक वारशात आहे. तिथे साखळी लपवलेली नाही. ती झाकून नुसते यंत्रांचे कौतुक मांडले असते तर तो शुद्ध तमाशा झाला असता.

कुणी म्हणेल, एवढे अवघड असेल तर दाखवूच नका. आम्ही तेही मनाशी घोळवून पाहिले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत सरकारी कोळसा खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती बंद पडली. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्या खाणीत कोण उतरले, कोण वर आले नाही, हे कुणाला आठवते? तमाशाला घाबरून दार बंद केले तर मागे इबरत उरत नाही, नुसता विसर उरतो. विदर्भातल्या आणखी भूमिगत खाणी बंद होत आहेत. कोल इंडियाच्या उत्पादनात त्यांचा वाटा आता अगदी थोडा राहिला आहे. उघड्या खाणींत माती उपसण्याचे काम बरेचसे कंत्राटावर चालते. मामूंसारखी, छताचा आवाज ओळखणारी माणसे एक-एक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर ते ज्ञान आणि ती नावेही जातील.

पाहून विसरणे किती सोपे आहे याचा दाखला दूर शोधायला नको. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले. सतरा दिवस सारा देश टीव्हीसमोर बसला. मोठी यंत्रे मोडली तेव्हा शेवटचा ढिगारा हातांनी उपसला तो उंदरासारखी बिळे खणणाऱ्या मजुरांनी. मेघालयातल्या ज्या खाणकामामुळे ही पद्धत सर्वांना माहीत झाली त्यावर हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली होती. आणि तेच कसब त्या दिवशी देशाच्या कामी आले. त्या पथकात वकील हसन होते, मुन्ना कुरेशी होते, त्यांच्या खांद्याला खांदा लावणारे हिंदू साथीदारही होते. देशाने त्यांना डोक्यावर घेतले. तीन महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, दिल्लीत वकील हसन यांचे घर अतिक्रमण म्हणून पाडले गेले. कायद्याची बाजू काय असेल ती असो. टीव्हीवर त्यांना पाहून ज्यांचे डोळे भरून आले होते ते सगळे कुठे होते? आम्हीही त्यांतलेच. आम्ही चॅनल बदलले होते.

तेव्हा आमच्यापुरते उत्तर असे. दुसऱ्याच्या कष्टाची जागा पाहणे गुन्हा नाही. आपले तिथे काही लागत नाही असे समजून पाहणे, हा गुन्हा आहे. मुमानींना त्या अंधारात आपल्या घरातला पलंग दिसला, म्हणून त्यांचे पाहणे खरे झाले. नाते सगळ्यांचेच असते. त्यांचे निकाहाने जुळलेले होते म्हणून त्यांना ते ठाऊक होते. आमचे तारेने जुळलेले आहे, ते भिंतीत लपलेले असते.

त्या रात्री कामठीला जेवणे झाल्यावर मुमानी मामूंना एवढेच म्हणाल्या, "पलंग का अब समझी." मामू बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चार नावे सांगितली, आपल्या टोळीतल्या साथीदारांची. एक कामठीचा, एक बालाघाटकडचा, दोन छत्तीसगडचे. त्यांतला एक लाकूड कुरकुरल्यावरही टोपली घ्यायला मागे वळला होता. "आवाज मैंने भी सुना था," मामू म्हणाले, "मैं भागा. उसको नाम से पुकारा नहीं." तेहतीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. आम्ही सावनेरला गेलो नसतो, मुमानींनी हट्ट केला नसता, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते.

आमच्या घरी, द्वारकेला, आता दिवा विनाकारण चालू राहिला तर कुणी तरी उठून बंद करते. यात फार काही केले असे आम्ही मानत नाही. वीज बिलासाठीही लोक एवढे करतातच. पण ज्यांच्या घरात, मोहल्ल्यात खदानीचा, गिरणीचा, गटारीचा, भट्टीचा कुणी म्हातारा गप्प बसलेला असेल, त्यांना आमची एक विनंती आहे. लांबच्या खाणीचे तिकीट काढण्याआधी त्याच्याजवळ बसा. तो सांगणार नाही. तरी बसा.